अर्धा तास चालतो आणि मान टाकतो: जुना डिझेल ट्रॅक्टर एअर कुठून घेतो ते कसं शोधायचं

लक्षणं अशी असतात. ट्रॅक्टर थंड असताना अर्ध्या सेल्फला सुरू होतो. वीस-पंचवीस मिनिटं झकास चालतो. मग रेस आपोआप खाली-वर व्हायला लागते, लोडवर दम टाकतो, सायलेन्सरमधून पांढुरका धूर फुसफुसतो आणि इंजिन बंद. डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढायला फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करायचा, हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा लिव्हर) मारायचा, फेस बाहेर येतो, स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. पुन्हा सुरू, पुन्हा वीस मिनिटं, आणि पुन्हा तेच.

काही जण या अवस्थेत वर्षानुवर्षं ट्रॅक्टर वापरतात. सीटखाली १४चा पाना कायमचा ठेवलेला असतो आणि एअर काढायचा हात इतका बसलेला असतो की बिघाड हा बिघाडच वाटत नाही. पण एअर काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. बोटीत शिरलेलं पाणी उपसण्यासारखं आहे ते. भोक तसंच राहतं.

आधी माझी फजिती सांगतो, कारण ती टाळता आली असती. साठच्या दशकातला तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर मी पूर्ण खोलून उभा केला होता. लायनर, पिस्टन, रिंगा, क्लच, सगळं नवं. रंगाचे दोन हात मारून वर चकाकी आणली. अंगणात दोन-दोन तास रेसवर उभा चालायचा, काही तक्रार नाही. प्रत्यक्ष नांगर जोडला की बावीस मिनिटांत बंद. मी फिल्टर बदलले, दोनदा. सगळी तांब्याची वायसरं बदलली. शेवटी इंजेक्शन पंप (नॉझलना दाबाने डिझेल देणारा) उतरवून कॅलिब्रेशनला दिला, चांगला दुरुस्त होऊन आला, बसवला, टायमिंग लावलं, नांगर जोडला आणि बावीस मिनिटांत बंद. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार.

मग एकदा चिडून मी वेगळं काहीतरी केलं. इंजिन बंद पडल्या पडल्या, एअर न काढता, फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) येणारा टाकीचा पाइप सोडला. टाकी वर, पाइप खाली, कॉक उघडा, आणि पाइपातून डिझेल येतंय थेंब थेंब. मी पाइप तसाच डब्यात सोडून हात पुसायला गेलो. परत येऊन पाहतो तर त्याच पाइपातून करंगळीएवढी धार चालू होती. मी कशालाही हात लावला नव्हता.

टाकी रिकामी करून आत बॅटरी मारली. तळाशी अंगठ्याच्या नखाएवढी, कागदासारखी पातळ, तपकिरी खपली डिझेलच्या उरलेल्या थरात पोहत होती. आधीच्या कुणीतरी टाकी गळते म्हणून आतून लेप दिला होता, तो सुटला होता. इंजिन डिझेल ओढतंय तोवर खपली हळूहळू कॉकच्या तोंडाशी येऊन चिकटायची. इंजिन बंद पडलं, ओढ थांबली, की आपोआप सुटून बाजूला जायची. मी एअर काढायला जी पाच-दहा मिनिटं घालवायचो, तेवढ्यात ती निघून गेलेली असायची. म्हणजे एअर काढल्यामुळे ट्रॅक्टर सुरू होत नव्हता, थांबल्यामुळे होत होता. आणि हवा? हवा खरंच शिरत होती, पण ती परिणाम होती, कारण नव्हती.

हवा शिरते कुठे, गळतं कुठे

डिझेल टाकीतून कॉक, काचेची वाटी, फीड पंप, फिल्टर आणि मग इंजेक्शन पंप असं जातं. फीड पंपाच्या पुढे दाब असतो. तिथला एखादा जॉइंट सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येतं, ओलं दिसतं, धूळ चिकटते, ते शोधायला डोळे पुरेत. फीड पंपाच्या मागे मात्र ओढ असते. तिथला सैल जॉइंट कोरडा दिसतो, कारण तो डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. लोक ओला जॉइंट शोधत बसतात आणि खरा चोर कोरडा असतो.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. मॅसी फर्ग्युसन ३५, १३५ किंवा फोर्डसन मेजर यांच्यासारख्या ट्रॅक्टरना टाकी इंजिनच्या वर, बॉनेटखाली असते. डिझेल स्वतःच्या वजनाने फीड पंपापर्यंत येतं. त्यामुळे सगळं मोकळं असताना मागच्या बाजूलाही थोडा दाबच असतो, आणि सैल जॉइंट असेल तर तो गळायला हवा. अशा ट्रॅक्टरने टाकी आणि फीड पंपाच्या मधे हवा घेतली, तर त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: वर कुठेतरी अडलंय. अडथळ्यामुळे पाइपात ओढ तयार होते आणि एरवी निरुपद्रवी असलेला जॉइंट हवा प्यायला लागतो. नुसते जॉइंट आवळून हा बिघाड जात नाही तो म्हणूनच.

वरच्या टाकीचा हा दाब किती असतो? डिझेलच्या १ फूट उंचीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अडीच टक्के भरतो. इतका थोडा की एक खपली, एक चिमटलेला पाइप किंवा झाकणाचं बुजलेलं भोक त्याला सहज हरवतं.

टाकी खाली, सीटजवळ किंवा बाजूला असेल तर हे गणित उलटं. तिथे ओढ कायमचीच असते, त्यामुळे अडथळा नसतानाही प्रत्येक कोरड्या जॉइंटवर संशय घ्यायचा.

अंगणात का चालतो आणि शेतात का नाही

३५-४० अश्वशक्तीचं जुनं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण ८ लिटर डिझेल जाळतं, म्हणजे मिनिटाला १३०-१४० मिलिलिटर. तेच इंजिन नुसतं रेसविना उभं असेल तर तासाला लिटर-दीड लिटरमध्ये भागतं. अर्धवट बुजलेल्या वाटेतून उभ्या ट्रॅक्टरपुरतं डिझेल आरामात येतं. म्हणून अंगणात दोन तास चालवून 'बघा, काहीच नाही' म्हणण्याला अर्थ नाही. तपासणी लोडवरच करायची. नांगर नसेल तर पीटीओवर (मागचा, अवजारं फिरवणारा शाफ्ट) काहीतरी जड चालवा. निदान पाच-सहा किलोमीटर मोठ्या गिअरमध्ये चढावर न्या.

तपासायचा क्रम

टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा. फुकट आहे आणि दहा सेकंदांचं काम आहे. ट्रॅक्टर बंद पडायला लागला की झाकण उघडा. 'हुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला तर निम्मं काम झालं. झाकणात हवेचं बारीक भोक असतं, आणि नव्याने रंगवलेल्या ट्रॅक्टरांत ते रंगाने बुजलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला हात तिथेच जातो. (माझ्याच ट्रॅक्टरची खपली काढल्यावरही तो एकदा चाळीस मिनिटांनी बंद पडला होता. झाकणाचं भोक बंद होतं. रंग मीच मारला होता.) काही झाकणांत भोकामागे जाळी किंवा घोड्याच्या केसांसारखा बोळा असतो, तो धुळीने आणि डिझेलने दगड होतो.

एक खूण लक्षात ठेवा. टाकी काठोकाठ भरलेली असताना लवकर बंद पडतो आणि अर्धी असताना जास्त वेळ चालतो, तर संशय झाकणावर. भरलेल्या टाकीत वरची मोकळी जागा थोडी असते, लिटरभर डिझेल कमी झालं तरी तिथली हवा ताणली जाते. अर्ध्या टाकीत तेवढा फरक पडत नाही. याच्या उलट, टाकी भरलेली असताना चालतो आणि निम्म्यावर आली की त्रास देतो, तर कॉकच्या आतली उभी नळी, तळाचा गाळ किंवा अर्धवट बुजलेला पाइप पाहा.

दुसरी तपासणी धारेची. फीड पंपाकडे येणारा पाइप सोडा आणि स्वच्छ बादलीत धार लावा. दोन-चार सेकंद पाहून 'येतंय की' म्हणू नका. निदान पाच लिटर वाहू द्या आणि धारेकडे लक्ष ठेवा. ती सुरुवातीला जेवढी जाड आहे तेवढीच शेवटपर्यंत राहायला हवी. बारीक होत गेली की वर काहीतरी येऊन बसतंय. मधेच कॉक बंद करून मिनिटभराने उघडलात आणि धार पुन्हा जाड झाली, तर टाकीत पोहणारं काहीतरी आहे हे नक्की. तेच डिझेल बादलीत तासभर ठेवा आणि तळ पाहा. गंज तांबडा-तपकिरी आणि जड असतो. पाणी थेंबांच्या गोळ्या करून तळाला बसतं. काळसर शेवाळासारखं बुळबुळीत काही आलं तर ते डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर वाढणाऱ्या जंतूंचं आहे. मग टाकी धुवायलाच लागेल, फिल्टर कितीही बदला.

कॉक उघडून पाहा, नुसता फिरवून नव्हे. बऱ्याच कॉकना आत टाकीत उभी नळी आणि तिच्यावर बारीक जाळी असते. नळीमुळे तळाचा गाळ खालीच राहतो. ही जाळी बाहेरून दिसत नाही, आणि जुने मेकॅनिक कधीकधी ती काढूनच टाकतात. मग सगळा गाळ वाटीत.

रबरी नळी असेल तर तिच्याबद्दल सांगायलाच हवं. जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि झडपेसारखा लोंबतो. फुंकून पाहिली तर मोकळी वाटते, कारण फुंकर उलट्या दिशेने जाते. डिझेलच्या दिशेने ओढ बसली की थर पुढे येऊन तोंड बंद. बाहेरून नळी ठणठणीत. जुनी रबरी नळी तपासायची नसते, बदलायची असते.

डबा लावून अर्धं-अर्धं करा

इथपर्यंत सापडलं नाही तर अंदाज सोडा. दहा लिटरचा स्वच्छ डबा घ्या, तळाशी नळीचं तोंड बसवा आणि तो इंजिनच्या वर घट्ट बांधा. हलणार नाही, सायलेन्सरला लागणार नाही असा. नव्या नळीने थेट फीड पंपाला जोडा आणि लोडवर चालवा.

तासभर न कुरकुरता चालला, तर बिघाड टाकी, झाकण, कॉक, वाटी किंवा पाइपात आहे आणि पंपाकडे पाहायचंही कारण नाही. मी हे आधी केलं असतं तर पंप उतरवला नसता. तसाच बंद पडला, तर बिघाड पुढे आहे. मग तोच डबा फीड पंप वगळून थेट फिल्टरच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडा. आता चालला तर फीड पंप दोषी. तरीही बंद पडला तर फिल्टर, इंजेक्शन पंप किंवा रिटर्न लाइन (जादा डिझेल परत नेणारा पाइप).

डब्याच्या नळीचा एक तुकडा पारदर्शक घ्या, डिझेलला टिकणारा. फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मधेही असाच एक तुकडा तात्पुरता घातला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सुरू केल्यानंतर पहिल्या मिनिटात दोन-चार बुडबुडे जाणं ठीक. पण मोत्यांच्या माळेसारखी बारीक रांग अखंड चालू असेल तर त्याच्या मागे कुठेतरी हवा शिरतेय. हा तुकडा कायमचा ठेवू नका. उन्हाने कडक होतो आणि मग तोच हवा घेतो.

खाली टाकी असलेल्या ट्रॅक्टरचा कोरडा जॉइंट शोधायचा असेल तर उलटं करा. टाकीच्या भरायच्या तोंडाला ट्यूबचा तुकडा बसवून अगदी हलका दाब द्या, सायकलच्या पंपाने, दोन-तीन पौंडांच्या वर नाही. प्रत्येक जॉइंट ओला व्हायला लागतो का पाहा. कम्प्रेसर लावू नका, जुनी टाकी फुगते आणि शिवण सुटते. पेट्रोलच्या टाकीला हा प्रयोग अजिबात करू नका.

फीड पंप

हाताचा लिव्हर मारताना ताणच लागत नसेल तर लगेच पंप खराब ठरवू नका. कॅमचा उंचवटा लिव्हरखाली येऊन थांबला असेल तर डायफ्रॅम (पंपातला लवचिक पडदा) आधीच ओढलेला असतो आणि हात नुसता पोकळ हलतो. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा.

डायफ्रॅम फाटला असेल तर दोन गोष्टी होतात. डिझेल कमी पुढे जातं, आणि तेच डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून या बिघाडात ऑइलची काडी काढून पाहणं माझ्या यादीत फार वर आहे. ऑइल पातळी वाढलेली, पातळ, डिझेलचा वास, तर ट्रॅक्टर सुरूच करू नका. आधी डिझेल कुठून उतरतंय ते बंद करा, मग ऑइल बदला. पातळ ऑइलवर बेअरिंग जायला वेळ लागत नाही. फीड पंप चांगला निघाला तर इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचं सील पाहा. तेही डिझेल आत सोडतं.

फीड पंपाच्या आतल्या दोन बारीक व्हॉल्व्हांपैकी एकाखाली गंजाचा कण अडकला तरी तो ओढतो कमी आणि परत जास्त सोडतो. खोलून धुतल्यावर अनेकदा तोच पंप चालतो.

फिल्टर

बाऊल उघडा असणाऱ्या, मधून एका लांब बोल्टने आवळायच्या फिल्टरात बाहेरचं रबर, आतलं छोटं रबर आणि खालचं रबर अशी वेगवेगळी सीलं असतात. घोळ नेहमी वरच्या रबराचा. जुनं रबर डोक्याच्या खाचेत चिकटून राहतं, काळ्यात काळं दिसत नाही, आणि त्याच्यावर नवं बसतं. दोन रबरं एकावर एक. आवळताना घट्ट लागतं, दोन दिवस चालतं, मग हवा. खाच सुईने खरवडून पाहा. मधला बोल्ट फार आवळायचाही नाही, डोकं वाकतं आणि मग कोणतंच रबर बसत नाही.

बँजो बोल्टची (मधून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) तांब्याची वायसरं एकदा दाबली गेली की कडक होतात. नवी नसतील तर जुनी गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू सपाट घासा. टेफ्लॉन टेप किंवा सीलंट मात्र इंधनाच्या लाइनमध्ये कुठेही नको. त्याचे तंतू सुटतात आणि शेवटी पंपाच्या किंवा नॉझलच्या तोंडाशी जाऊन बसतात.

बरीच वर्षं न गळलेली जुनी रबरं अलीकडच्या कमी गंधकाच्या डिझेलवर गळायला लागलेली दिसतात. त्या डिझेलमध्ये रबर फुगवून ठेवणारे घटक कमी असतात, म्हणून जुनं रबर आक्रसतं. तेव्हा 'चाळीस वर्षं काही झालं नाही' हा मुद्दा रबराच्या बाबतीत धरू नका.

आणि टाकीखाली जादा प्लास्टिकचा कागदी फिल्टर बसवू नका. खूप जण सावधगिरी म्हणून बसवतात. गुरुत्वाने येणाऱ्या डिझेलला तो कागद जड जातो, शिवाय हवा शिरायला दोन जॉइंट वाढतात.

इंजेक्शन पंप कधी धरायचा

वरचं सगळं ठीक निघाल्यावर. एक लक्षण मात्र खास पंपाचं आहे: गरम असताना बंद केला की सुरूच होत नाही, तासाभराने गार झाला की पहिल्या सेल्फला. चालता चालता बंद पडणं आणि बंद केल्यावर गरम सुरू न होणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची गल्लत करू नका. सीएव्ही डीपीए जातीच्या रोटरी पंपात हेड आणि रोटर घासले की गरम, पातळ डिझेल फटीतून निसटतं. सेल्फच्या कमी वेगात पुरेसा दाब बनत नाही. तपासायचं असं: इंजिन बंद असताना ओल्या फडक्याने पंप गार करा आणि मग सेल्फ मारा. सुरू झाला तर पंप घासलाय. इंजिन चालू असताना गरम पंपावर गार पाणी ओतण्याचा आचरटपणा करू नका. आतल्या फटी इतक्या बारीक असतात की पंप जाम होतो. घासलेला पंप घरी खोलायचा नाही, टेस्ट बेंच असलेल्याकडेच न्यायचा.

रूझा मास्टर जातीच्या रोटरी पंपात आणखी एक गंमत असते. गव्हर्नरमधली (इंजिनचा वेग सांभाळणारी यंत्रणा) लवचिक रिंग जुनी झाली की चुरा होते, आणि ते काळे दाणे रिटर्नच्या तोंडात अडकतात. डिझेल परत जाऊ शकत नाही, पंपाच्या पोटात दाब वाढतो, इंजिन बंद. रिटर्नचा जोड सोडून पाहिलात आणि कॉफीच्या भुकटीसारखे दाणे दिसले तर कारण सापडलं.

जे एअरसारखं दिसतं पण नसतं

रेस खाली-वर होतेय, पण इंजिन बंद पडत नाही आणि पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत, तर गव्हर्नर पाहा. १९५२च्या सुमाराच्या डिझेल फोर्डसन मेजरवर सिम्स पंपाचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो. इनटेकमधून पंपाकडे जाणारी नळी चिरली किंवा पंपातला डायफ्रॅम फाटला की रेस झोके घेते. त्यावर एअर काढून उपयोग शून्य. उलट डायफ्रॅम फार फाटला तर रेस हाताबाहेर जाऊ शकते, म्हणून लगेच थांबवा.

काळा धूर काढत दम टाकतो तर डिझेल पुरतंय, हवा पुरत नाही. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी उघडा. चिखल असेल.

सेल्फ मारताना धूर अजिबात नाही, तर डिझेल नॉझलपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येतो पण पेट घेत नाही, तर डिझेल पोहोचतंय आणि आता कॉम्प्रेशन, हीटर किंवा टायमिंगकडे जा. स्टॉपची वायर पूर्ण आत जाते का, हेही पाहून ठेवा. रंगकामानंतर ती अर्ध्यात अडकते.

पेट्रोल किंवा केरोसीनवरचे जुने ट्रॅक्टर, म्हणजे १९४६ ते १९५६मध्ये बनलेला फर्ग्युसन टीई-२० वगैरे, तसेच अर्ध्या तासाने बंद पडत असतील तर झाकण आणि धार या दोन तपासण्या तशाच करा. पण बंद पडल्यापासून पहिल्या दोन मिनिटांत प्लगचा स्पार्कही पाहा. गरम झाल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर जातो आणि गार झाल्यावर परत येतो, उशिरा पाहिलंत तर स्पार्क छान दिसेल आणि तुम्ही कार्ब्युरेटर खोलत बसाल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर जुन्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा थर त्यात विरघळतो, हेही ध्यानात ठेवा.

टाकी धुणं

टाकी उतरवूनच धुवा. कॉकच्या भोकाला बूच मारा, आत दोन लिटर डिझेल आणि मूठभर टोकदार नट किंवा साखळीचा तुकडा टाका आणि सगळ्या बाजूंनी हलवा. नट मोजून टाका. मी बारा टाकले आणि अकरा काढले, बारावा आतल्या आडव्या पत्र्यामागे बसला होता. त्याच्यासाठी एक अख्खी दुपार गेली. जुना लेप सुटत असेल तर तो सगळाच काढायला लागतो, अर्धा ठेवून चालत नाही. गंज काढल्यावर धातू उघडा पडतो आणि ओल्या हवेत रात्रीत परत तांबूस होतो, म्हणून शेवटचं पाणी वाळवल्या वाळवल्या आतून डिझेल फिरवा आणि नंतर टाकी भरून ठेवा. नवा लेप द्यावा का? पत्र्याला भोकं पडली नसतील तर देऊ नये, असं माझं मत. भोकं असतील तर लेपापेक्षा पत्रा बदललेला बरा. पण रिकाम्या टाकीला वेल्डिंग म्हणजे आतल्या वाफेमुळे बॉम्ब. ते काम ज्याला ती वाफमुक्त करून जोडता येते त्यालाच द्या.

आता एअर काढा, शेवटची

टाकी निम्म्याच्या वर भरा. फिल्टरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारा, फेस संपून अखंड धार आली की प्रायमर चालू असतानाच आवळा. दोन फिल्टर असतील तर आधी टाकीकडचा. मग इंजेक्शन पंप. डीपीए पंपावर आधी बाजूचा, हेडजवळचा स्क्रू आणि नंतर वरचा, गव्हर्नरवरचा. हा क्रम उलटा केला की हवा आतच फिरते. मग स्टॉप आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, नॉझलकडचे नट अर्धा फेरा सैल, आणि सेल्फ. प्रत्येक नटापाशी डिझेल आलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. त्या पाइपांत वातावरणाच्या दीडशे पटींहून जास्त दाब असतो. फवारा हाताने अडवू नका, तो कातडीतून आत शिरतो. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जा. हीटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट (इनटेकची हवा तापवणारा हीटर) असलेल्या इंजिनवर ईथरचा स्प्रे मारायचा नाही. इनटेकमध्येच भडका उडतो.

मग नांगर जोडा आणि तासभर चालवा. माझ्या ट्रॅक्टरला बावीस मिनिटं झाली तेव्हा मी घड्याळाकडे पाहत होतो, चाळिसाव्या मिनिटालाही. त्या संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर बँजो बोल्ट पुन्हा एकदा हलक्या हाताने तपासले, कारण नवी वायसरं पहिल्या गरम-गारात बसतात. दोन बोल्ट पाव फेरा फिरले. आठवड्याने वाटीच्या तळाला चिमूटभर तांबडा गाळ होता, तो पुसला, आणि पंधरा दिवसांनी फिल्टर बदलला, कारण धुतलेल्या टाकीतूनही उरलासुरला कचरा खाली यायला तेवढे दिवस लागतात.